दहा मुलींच्या संघाला किती माणसं लागतात?

ऑक्टोबर ते एप्रिल या काळात, साधारण दर दुसऱ्या शुक्रवारी, अमेरिकेतल्या माझ्या सांख्यिकीच्या वर्गातल्या दोन-तीन खुर्च्या रिकाम्या असतात. त्या मुली कुठे गेल्या आहेत हे मला ठाऊक असतं, कारण रजेची पत्रं सत्राच्या सुरुवातीलाच माझ्याकडे आलेली असतात. त्या आमच्या कॉलेजच्या बोलिंग संघात आहेत. बोलिंग म्हटलं की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे बुमराह येतो, म्हणून आधीच सांगते : हे दहा पिनांचं बोलिंग. तेल लावलेल्या गुळगुळीत पट्टीवरून जड गोळा सोडायचा आणि साठ फुटांवर त्रिकोणात उभ्या असलेल्या दहा पिना पाडायच्या. पुण्या-मुंबईच्या मॉलमध्ये पोरं वाढदिवसाला खेळतात तोच खेळ. अमेरिकेत मात्र कॉलेजच्या मुलींसाठी त्याची राष्ट्रीय स्पर्धा भरते, शिष्यवृत्त्या मिळतात, आणि त्या जोरावर कितीतरी मुली पदवीपर्यंत पोचतात.

दोन हिवाळ्यांपूर्वी यांतल्या एका मुलीची चाचणी नेमकी स्पर्धेच्या दिवशी आली. मी प्रश्नपत्रिका ई-मेलने पाठवली. आमच्या नियमाप्रमाणे तिथे कुणीतरी पर्यवेक्षक हवा. उत्तरपत्रिका परत आली तेव्हा पर्यवेक्षक म्हणून सही होती संघाच्या कोचची. पुढे त्यांच्याशी बोलणं झालं तेव्हा कळलं, की त्या दिवशी सहा तास व्हॅन चालवून मुलींना तिथे नेलं होतं त्यांनीच. हॉटेलचं आरक्षण, जेवणाच्या पावत्या, गोळ्यांची डागडुजी, सगळं त्यांच्याकडे. रात्री साडेनऊला हॉटेलच्या लॉबीत बसून माझ्या चाचणीवर नजर ठेवणाऱ्याही त्याच. आणि कॉलेजच्या कागदांवर त्यांची नोकरी होती अर्धवेळ. दिवसा त्या दुसरीकडे काम करत होत्या.

ती उत्तरपत्रिका तपासताना माझ्या मनात जे आलं ते तेव्हापासून गेलेलं नाही. मुलींना खेळात समान संधी दिली असं जेव्हा एखादं कॉलेज सांगतं, तेव्हा आपण मुली मोजतो. त्यांच्या पाठीशी उभं राहायला पगार देऊन ठेवलेली माणसं मोजत नाही. ती मोजायला हवीत, आणि ज्या संघामागे पूर्ण वेळेचं एकही माणूस नाही तो संघ समानतेच्या खात्यात जमा धरता कामा नये, असं माझं म्हणणं आहे.

हे खातं आलं कुठून, ते थोडं मागे जाऊन पाहावं लागेल. १९७२ साली अमेरिकेच्या शिक्षणविषयक कायद्यात 'टायटल नाइन' हे प्रकरण आलं. त्याचं मूळ वाक्य जेमतेम ३७ शब्दांचं आहे आणि त्यात खेळ हा शब्दसुद्धा नाही. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत लिंगावरून कुणालाही वगळता येणार नाही, एवढंच ते सांगतं. खेळांना ते कसं लावायचं याचा खुलासा १९७९ साली झाला. त्यात तीन कसोट्या दिल्या, आणि तिन्हींपैकी एक पार केली तरी चालते. पहिली कसोटी प्रमाणाची : कॉलेजात जितके टक्के मुली, साधारण तितकेच टक्के मुली खेळाडूंमध्ये.

बोलिंगबद्दल इथे एक समज पक्का बसला आहे, की फुटबॉलच्या पोरांचा तोल सांभाळायला कॉलेजांनी हा स्वस्तातला संघ काढला. मी सांख्यिकी शिकवते, म्हणून हा हिशेब मांडून पाहिला. अमेरिकन फुटबॉलच्या संघात आता १०५ जणांची मर्यादा आहे. बोलिंगच्या संघात आठ, दहा, फार तर अकरा मुली. एका फुटबॉल संघाचा तोल सांभाळायला बोलिंगचे दहा संघ लागतील. नावा वल्हवण्याच्या संघात ६८ मुली मावतात, म्हणून तोल साधणाऱ्या मोठ्या विद्यापीठांना तो खेळ प्रिय. बोलिंगचा उपयोग दुसऱ्या जागी आहे. एनसीएए, म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेज-खेळांची शिखर संस्था, सर्वांत वरच्या गटातल्या कॉलेजाला किमान १४ खेळ चालवायला लावते, आणि मोठा फुटबॉल खेळणाऱ्यांना १६. या मोजणीत दहा मुलींचं बोलिंगही एक आणि शंभर पोरांचं फुटबॉलही एकच. मैदान नको, प्रेक्षागृह नको, गावातल्या बोलिंग सेंटरमध्ये सकाळच्या रिकाम्या वेळी पट्ट्या भाड्याने मिळतात. एक अंक भरायला याहून स्वस्त खेळ सापडणं कठीण.

अंक भरायला काढलेल्या गोष्टीची निगा कशी राखली जाते, हे ज्याने कुठल्याही सरकारी योजनेचा फलक पाहिला आहे त्याला सांगायला नको.

तरीही स्वस्त म्हणून या खेळाला हिणवणाऱ्यांच्या बाजूने मी नाही. स्वस्त असल्यामुळेच तो अशा ठिकाणी पोचला जिथे दुसरा खेळ पोचला नसता. १९९४ साली एनसीएएने मुलींसाठी 'उदयोन्मुख खेळां'ची यादी केली. एखादा खेळ ४० कॉलेजांनी उचलला की त्याची राष्ट्रीय स्पर्धा भरवता येते, असा त्यातला नियम. बोलिंगला तो आकडा गाठून देण्यात ऐतिहासिक कृष्णवर्णीय कॉलेजांचा, म्हणजे पूर्वी कृष्णवर्णीयांसाठी काढलेल्या कॉलेजांचा, मोठा वाटा आहे. त्यांच्याकडे पैसा कमी होता, पण बोलिंग ही त्यांच्या वस्त्यांतली जुनी ओळखीची गोष्ट होती. या ओळखीमागे एक जखम आहे. १८९५ साली स्थापन झालेल्या अमेरिकन बोलिंग काँग्रेसच्या नियमांत सदस्यत्व फक्त गोऱ्यांसाठी होतं, आणि ते कलम निघायला १९५० साल उजाडावं लागलं. म्हणून कृष्णवर्णीय खेळाडूंनी १९३९ साली डेट्रॉइटमध्ये स्वतःची राष्ट्रीय संघटना काढली आणि आपले सामने आपणच भरवले.

हे लक्षात घेतलं म्हणजे २००८ सालचं मोल कळतं. एनसीएएची मुलींची पहिली राष्ट्रीय बोलिंग स्पर्धा २००४ साली ह्यूस्टनला झाली आणि नेब्रास्काने ती जिंकली. नेब्रास्का म्हणजे बलाढ्य विद्यापीठ, आवारात स्वतःच्या पट्ट्या असलेलं. चारच वर्षांनी विजेतेपद गेलं मेरीलँडमधल्या प्रिन्सेस ॲन नावाच्या लहान गावातल्या कृष्णवर्णीय विद्यापीठाकडे, युनिव्हर्सिटी ऑफ मेरीलँड ईस्टर्न शोअरकडे. बोलिंगमध्ये एनसीएएचं राष्ट्रीय विजेतेपद मिळवणारं हे पहिलं कृष्णवर्णीय विद्यापीठ. कोच होत्या शॅरन ब्रमेल. २०११ आणि २०१२ साली ते विद्यापीठ पुन्हा जिंकलं. व्हँडरबिल्टसारख्या श्रीमंत खासगी विद्यापीठालाही कुठल्याही खेळातलं पहिलं राष्ट्रीय सांघिक विजेतेपद मिळवून दिलं ते २००७ साली बोलिंगच्या मुलींनी. या स्पर्धेत मोठ्या-लहान गटांची भिंत नाही. त्यामुळे इलिनॉयमधलं मॅकेंड्री हे दुसऱ्या गटातलं कॉलेज २०१७ आणि २०२२ साली जिंकू शकलं, आणि २०२५ साली विजेतेपद गेलं ओहायोतल्या यंग्सटाउन स्टेटकडे, पोलादाचे कारखाने बंद पडलेल्या एका कामगार शहराकडे. फुटबॉलमध्ये हे होणं नाही. तिथे चषक कुणाकडे जाणार हे बहुतेक वेळा तिजोरीच ठरवते.

म्हणजे या खेळात कमी पैशांत मोठं काम होऊ शकतं. पण ते होतं कशाने, हे नीट पाहिलं पाहिजे. पट्टीवर तेलाचा थर असतो आणि डोळ्यांना तो जवळजवळ दिसत नाही. तो किती फुटांपर्यंत आहे, मध्ये किती दाट, कडेला किती पातळ, हे स्पर्धेगणिक बदलतं. खेळ सुरू झाला की प्रत्येक गोळा थोडं तेल पुसून नेतो, थोडं पुढे ओढतो. तासाभरापूर्वी बरोबर वळणारा गोळा आता आधीच वळतो आणि पिनांच्या भलत्याच बाजूला जाऊन आदळतो. ही स्थित्यंतरं ओळखायची, कुणाला कुठला गोळा घ्यायला सांगायचा, कुणाला बाहेर बसवायचं, हे कोचचं काम. त्यातून कॉलेज बोलिंगचा आत्मा असलेली 'बेकर' पद्धत. पाच मुली मिळून दहा फ्रेमचा, म्हणजे दहा पाळ्यांचा, एकच डाव खेळतात : पहिली मुलगी पहिली आणि सहावी फ्रेम, दुसरी मुलगी दुसरी आणि सातवी, असं करत शेवटची पाचवी आणि दहावी. एकीचा हात बिघडला की सगळ्यांचा डाव बिघडतो, आणि निर्णय घ्यायला दोन-तीन मिनिटंसुद्धा नसतात. एक जण गोळ्याचा मार्ग बघत असेल तर दुसऱ्याने मुलीच्या मनगटाकडे बघायला हवं. एक माणूस एका वेळी दोन्हीकडे बघू शकत नाही. साहाय्यक कोच ही चैन वाटते ती ज्याने हे कधी जवळून पाहिलेलं नाही त्याला.

गोळ्यांचंही तसंच. प्रत्येक मुलीजवळ पाच-सहा गोळे असतात, एकेकाचं वजन १६ पौंडांपर्यंत. बोटांची भोकं तिच्याच हाताच्या मापाने पाडावी लागतात. माप चुकलं तर अंगठा सुजतो, मनगट कायमचं दुखतं. हे जाणणारा माणूस संघाच्या पगारावर असला तर ठीक, नाहीतर मुली गावातल्या दुकानात आपल्या पैशाने करून आणतात.

माणसात पैसा घातला की काय होतं याचं उदाहरण ताजं आहे. अलाबामातल्या जॅक्सनव्हिल स्टेटने बोलिंगचा संघ नव्याने काढायचं ठरवलं तेव्हा आधी कोच आणल्या : शॅनन ओकीफ, व्यावसायिक बोलिंगमध्ये तीनदा वर्षातली सर्वोत्तम खेळाडू ठरलेल्या आणि मॅकेंड्रीच्या विजयांमागच्या. २०२३-२४ हा त्या संघाचा पहिलाच हंगाम. एप्रिल २०२४ मध्ये अंतिम सामन्यात आर्कान्सा स्टेटला ४-३ असं हरवून तो राष्ट्रीय विजेता झाला. सगळ्या कॉलेजांना ओकीफ मिळणार नाहीत, हे उघड आहे. पण पूर्ण पगाराची जागा असेल तरच तसं कुणी अर्ज करील, हेही तितकंच उघड आहे.

ओकीफ यांच्या पिढीकडे पाहिलं की या जागांचं आणखी एक महत्त्व दिसतं. अमेरिकेतली बायकांची व्यावसायिक बोलिंग मालिका २००३ साली बंद पडली आणि पुन्हा सुरू व्हायला २०१५ साल लागलं. मधली बारा वर्षं उत्तम खेळणाऱ्या बाईला या खेळात राहून पोट भरायचं तर कॉलेजची कोच होणं हाच जवळजवळ एक सन्मानाचा मार्ग होता. एकूण खेळांत मात्र वारं उलटं वाहिलं आहे. टायटल नाइन येण्यापूर्वी मुलींच्या कॉलेज संघांच्या ९० टक्क्यांहून जास्त कोच बायका होत्या. आज ते प्रमाण चाळिशीच्या थोडं वर आहे. पगार आले, प्रतिष्ठा आली, आणि त्याबरोबर पुरुष अर्जदार आले. चांगले पुरुष कोच आहेत, नेब्रास्का आणि व्हँडरबिल्टचे विजय त्यांनीच घडवले, त्यांच्याविषयी माझी तक्रार नाही. पण बाई कोच दिसते ती अर्धवेळ जागेवर आणि पूर्णवेळ जागेवर पुरुष, असं जिथे होतं तिथे समानतेचा कायदा नेमकं काय करून बसला, हे विचारलंच पाहिजे.

आता पैशाकडे येते. गेल्या वर्षी या सगळ्या व्यवहाराचा पायाच हलला. जून २०२५ मध्ये न्यायाधीश क्लॉडिया विल्कन यांनी खेळाडूंनी एनसीएएविरुद्ध केलेल्या 'हाउस' खटल्यातल्या तडजोडीला मंजुरी दिली. जुन्या खेळाडूंना २८० कोटी डॉलरची भरपाई, आणि यापुढे कॉलेजांनी खेळाडूंना थेट पैसे देण्याची मुभा, पहिल्या वर्षी कमाल २ कोटी ५ लाख डॉलर. त्याबरोबर शिष्यवृत्त्यांवरच्या जुन्या मर्यादा गेल्या आणि संघातल्या डोक्यांवर मर्यादा आली. बोलिंगपुरतं सांगायचं तर आधी संघभरात मिळून पाच पूर्ण शिष्यवृत्त्या देता येत, त्याच दहा जणींत वाटल्या जात. कुणाला निम्मी, कुणाला फक्त पुस्तकांपुरती. आता तडजोडीत सामील झालेल्या कॉलेजाला अकराच्या अकरा मुलींना पूर्ण शिष्यवृत्ती देता येईल.

देता येईल, असं मी लिहिलं. द्यावीच लागेल असं कुठेही म्हटलेलं नाही. अनेक मोठ्या विद्यापीठांनी जी वाटणी पुढे केली ती अशी : ७५ टक्के फुटबॉलला, १५ टक्के पुरुषांच्या बास्केटबॉलला, ५ टक्के बायकांच्या बास्केटबॉलला, आणि उरलेल्या सगळ्या खेळांना मिळून ५ टक्के. २ कोटी ५ लाखांचे ५ टक्के म्हणजे साधारण १० लाख डॉलर, आणि त्यात पोहणारे, धावणारे, टेनिसवाले, जिम्नॅस्ट आणि बोलिंगच्या मुली. खेळाडूंना द्यायचा हा नवा पैसा कुठून काढायचा, तर ज्या खेळाला प्रेक्षक नाहीत, ज्याच्या माजी विद्यार्थ्यांत देणगी देणारा अब्जाधीश नाही, त्याच्या साहाय्यक कोचच्या जागेपासून सुरुवात होते. बोलिंगच्या संघाचा सगळा वार्षिक खर्च मोठ्या फुटबॉल संघाच्या एखाद्या साहाय्यक कोचच्या पगारात सहज मावतो, आणि तरी काटकसरीची बैठक बसली की कागद निघतात ते याच संघाचे. या पैशाला टायटल नाइन लागू आहे की नाही यावर सरकारचं धोरणही एका महिन्यात फिरलं : जानेवारी २०२५ मध्ये शिक्षण खात्याने लागू आहे असं सांगितलं, फेब्रुवारीत नव्या सरकारने ते मागे घेतलं. भरपाईच्या वाटणीविरुद्ध आठ महिला खेळाडू अपिलात गेल्या. त्यांच्या बाजूने मी आहे, पण न्यायालयाचा निकाल लागेपर्यंत आजच्या मुलींची चार वर्षं संपून जातील.

आणि मुळात त्या आल्या आहेत शिकायला. शिक्षक म्हणून मला सगळ्यांत जास्त जवळचा भाग हा आहे, आणि सगळ्यांत कमी बोललं जातं ते याच्याचविषयी.

नियम कागदावर चांगले आहेत. हंगामात आठवड्याला २० तासांहून जास्त सराव-स्पर्धा नाही, एक दिवस पूर्ण सुट्टी. दुसऱ्या वर्षाअखेर पदवीचा ४० टक्के भाग पुरा हवा, तिसऱ्याअखेर ६०, चौथ्याअखेर ८०. पण २० तासांच्या नियमात एक मेख आहे. स्पर्धेचा दिवस कितीही लांबला तरी तो तीन तासांचाच धरतात, आणि प्रवासाचा वेळ तर धरतच नाहीत. बोलिंगची स्पर्धा म्हणजे शुक्रवार, शनिवार, रविवार, आणि रोज सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकामागून एक सामने. गुरुवारी दुपारी निघालेली मुलगी रविवारी मध्यरात्री वसतिगृहात परत येते. कागदावर तिचे झाले नऊ तास. सोमवारी सकाळी आठला ती माझ्या वर्गात असते आणि डोळे उघडे ठेवायची तिची धडपड मला पहिल्या बाकावर दिसत असते. इतर अनेक खेळांचा हंगाम एका सत्रात आटोपतो. बोलिंगचा ऑक्टोबरला सुरू होऊन एप्रिलपर्यंत चालतो, दोन्ही सत्रं खातो, डिसेंबरच्या परीक्षा त्याच्या पोटात येतात.

शैक्षणिक प्रगती मोजायला एनसीएएचा एक आकडा आहे, एपीआर. शिष्यवृत्तीवरच्या प्रत्येक खेळाडूला प्रत्येक सत्रात दोन गुण : एक अभ्यासात पात्र राहिल्याबद्दल, एक कॉलेजात टिकल्याबद्दल. मिळालेल्या गुणांना शक्य गुणांनी भागून हजाराने गुणायचं. चार वर्षांच्या हिशेबात ९३० च्या खाली गेलं की कारवाई. आता बोलिंगचा लहान संघ घ्या. शिष्यवृत्तीवर आठ मुली असतील तर वर्षाचे गुण ३२. एक मुलगी नापास होऊन कॉलेज सोडून गेली, दोन गुण गेले, तर त्या वर्षाचा आकडा ९३८. अशाच दोघी गेल्या तर ८७५. मोठ्या संघात दोघीजणी गळाल्या तर आकड्याला ओरखडा उठतो. इथे संघच कोसळतो. म्हणजे ज्या संघाला एकेक मुलगी जपून ठेवणं सर्वांत गरजेचं, त्याच संघाला अभ्यासाचा स्वतंत्र सल्लागार बहुधा मिळत नाही. फुटबॉलच्या पोरांसाठी आख्खी इमारत असते, शिकवणीवाले असतात, कोण वर्गात आला नाही हे बघणारी माणसं असतात. बोलिंगच्या मुलींसाठी असते ती एकच कोच, व्हॅनच्या स्टिअरिंगवर.

तरी या मुली अभ्यासात मागे नाहीत. कोचांची राष्ट्रीय संघटना दरवर्षी अभ्यासात चमकणाऱ्या खेळाडूंची यादी काढते, आणि माझ्या वर्गातल्या माझ्या अनुभवातही बोलिंगच्या मुली वेळेच्या बाबतीत सगळ्यांत काटेकोर. पण त्यांच्या चिकाटीवर कॉलेजने आपली बचत उभी करावी, हे मला मान्य नाही. घरात जी सून न कुरकुरता करते तिच्याच अंगावर कामं पडत जातात. ते आपण पाहिलेलं आहे, आणि त्याला तिचं कौतुक म्हणायचं नसतं.

मग काय करावं? माझी मागणी लहान आहे आणि म्हणूनच टाळायला कठीण आहे. किमान खेळांच्या मोजणीत एखादा संघ धरायचा तर त्याला पूर्ण वेळेचा, पूर्ण पगाराचा मुख्य कोच असला पाहिजे आणि पगारावर एक साहाय्यक. अभ्यासाचा सल्लागार हवा, दोन-तीन लहान संघांत मिळून एक चालेल, पण त्या मुलींना त्याचं नाव आणि त्याची खोली माहीत असली पाहिजे. आणि स्पर्धेचा दिवस जितक्या तासांचा असेल तितकाच मोजावा. या अटी एनसीएएने घालाव्यात, कॉलेजांच्या मर्जीवर सोडू नयेत.

यावर आमच्या एका सभेत मला जे उत्तर मिळालं ते दुर्लक्ष करण्यासारखं नाही. एवढं मागाल तर कॉलेज संघच बंद करील, मग ना कोच ना शिष्यवृत्ती, असं एक सहकारी कळकळीने म्हणाले. ही भीती खरी आहे, संघ बंद पडतात. पण मुलींचा संघ बंद करून टायटल नाइनच्या कसोट्या पार करणं कॉलेजाला सोपं नसतं, आणि खेळांची किमान संख्या तर भरावीच लागते. म्हणजे कॉलेजाला बोलिंगची जितकी गरज आहे तितकी ते बोलून दाखवत नाही. ज्याची गरज आहे त्याचं मोल देणं ही वावगी मागणी नव्हे. दुसरा आक्षेप मुलग्यांचा : एनसीएएत मुलग्यांचं बोलिंग नाहीच, त्यांना बहुतेक ठिकाणी क्लबमध्ये स्वतःच्या खर्चाने खेळावं लागतं. त्यांच्याबद्दल मला वाईट वाटतं. त्यांचा रस्ता मात्र फुटबॉलच्या १०५ जागांनी अडवला आहे.

मी सांगलीला कॉलेजात असताना खो-खो खेळत असे. दरवर्षी प्रत्येक विद्यार्थ्याकडून जिमखाना फी घेतली जायची, पावती मिळायची, आणि त्या पैशातून मुलींच्या संघावर किती खर्च झाला हे विचारायची सोय नव्हती. आम्ही एसटीने विद्यापीठाच्या स्पर्धांना जायचो, सोबत एक प्राध्यापिका यायच्या, त्यांचा विषय होता मराठी. बूट आपापले. खेळाडूंना परीक्षेत वाढीव गुण देण्याची पद्धत महाराष्ट्रात आहे, दहावी-बारावीला अगदी २५ गुणांपर्यंत. गुण मिळाले की बाकी प्रश्न कुणी विचारत नाही. अमेरिकेत वाढीव गुण नाहीत, पण प्रश्न विचारायची सोय कायद्याने करून ठेवली आहे, आणि तिचा वापर फार थोडे पालक करतात.

१९९४ च्या एका कायद्याप्रमाणे सरकारी मदत घेणाऱ्या प्रत्येक कॉलेजाला आपल्या खेळांचा ताळेबंद दरवर्षी जाहीर करावा लागतो. शिक्षण खात्याच्या संकेतस्थळावर तो कुणालाही पाहता येतो : कुठल्या संघात किती खेळाडू, कुठल्या संघावर किती खर्च, मुख्य कोच पूर्णवेळ की अर्धवेळ, बाई की पुरुष, साहाय्यक किती. एक गोष्ट त्यात झाकलेली राहते. कोचांचे पगार संघवार देत नाहीत, मुलींच्या सगळ्या संघांची मिळून सरासरी देतात. बास्केटबॉलच्या कोचचा मोठा पगार आणि बोलिंगच्या कोचचं अर्धवेळ मानधन एकाच सरासरीत विरघळतं. वर्गात पहिल्या आठवड्यात मी मुलांना सांगते की सरासरी काय लपवते ते आधी बघा, आणि उदाहरण म्हणून हल्ली हाच तक्ता दाखवते. हे पगार संघवार जाहीर करायला लावणं हा कायद्यातला एका ओळीचा बदल आहे.

इथल्या मराठी मंडळांच्या गणेशोत्सवात अलीकडे पालक मला खेळाच्या शिष्यवृत्त्यांविषयी विचारतात. लेक टेनिस खेळते, पोहते, एखादी बोलिंगही करते. कॉलेज किती टक्के फी माफ करील, हा पहिला प्रश्न. मी त्यांना सांगते, त्या कॉलेजच्या तक्त्यात लेकीच्या खेळाची ओळ शोधा आणि मुख्य कोच कुठल्या रकान्यात आहे ते बघा, पूर्णवेळ की अर्धवेळ. मग साहाय्यकांचा रकाना बघा. मग कॉलेजला फोन करून विचारा, की स्पर्धेच्या दिवशी परीक्षा आली तर तिच्याजवळ कोण बसतं.